पित्ताच्या गोळीचा इतिहास

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "अगं, ती पित्ताची गोळी कुठे ठेवली आहे?" बहुधा तुमच्याही घरात येत असेल. आदल्या दिवशीच्या चकल्या, शेव, चिवडा आणि त्यावर मंडळाच्या कार्यक्रमातले रात्री दहाचे जेवण, मग छातीत जळजळ आणि करपट ढेकर. कपाटातून ओमेप्राझोल किंवा लॅन्सोप्राझोलची पट्टी निघते, गोळी पोटात जाते, बरे वाटते आणि विषय संपतो.

मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवले. या गोळीच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली बरीच वर्षे आम्ही शिकलेली माणसे एका अर्ध्या सत्याला पूर्ण सत्य समजून चाललो होतो. त्या चुकीची किंमत रुग्णांनी मोजली. त्यांत माझे मामाही होते. म्हणून हा इतिहास आज तुम्हाला सांगावासा वाटतो.

पित्त म्हणजे नेमके काय?

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत आपण ज्याला पित्त म्हणतो ते शरीरशास्त्रातले पित्त नव्हे. ते पित्त यकृतात तयार होते, हिरवट-पिवळे असते आणि जेवणातली चरबी पचवायला मदत करते. आपल्याला जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे. आयुर्वेदातली पित्ताची कल्पना आणखी वेगळी आणि व्यापक आहे. तरीही आपल्या पूर्वजांचे निरीक्षण पक्के होते. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात अम्लपित्ताचे वर्णन आहे, तसेच 'परिणामशूल' नावाच्या दुखण्याचेही आहे. परिणामशूल म्हणजे अन्न पचत असताना उठणारी कळ. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, व्रण असलेला रुग्ण आजही हेच सांगतो. जेवल्यावर दोन-तीन तासांनी दुखू लागते, मध्यरात्री जाग येते, काही खाल्ले की शांत होते.

जठरात नेमके कोणते आम्ल असते हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितले. ते होते हायड्रोक्लोरिक ॲसिड, प्रयोगशाळेच्या बाटलीत असते तेच. लोकांना ते पटायला वेळ लागला. एवढे जहाल आम्ल पोटात असेल, तर ते पोटालाच का खात नाही, हा प्रश्न साहजिक होता. कधी कधी ते खाते, आणि त्यालाच आपण अल्सर म्हणतो. १९१० साली कार्ल श्वार्ट्झ या शल्यचिकित्सकाने नियम मांडला की आम्ल नाही तर व्रणही नाही. हे खरेच आहे. पण आम्ल सगळ्यांच्याच पोटात असते, मग व्रण काहींनाच का होतो? या प्रश्नाचे उत्तर त्या नियमात नव्हते आणि पुढची सत्तर वर्षे ते आम्ही भलतीकडेच शोधत राहिलो.

दूध आणि सुरी

शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ साली एक उपचार सांगितला. दर तासाला दूध आणि साय घ्यायची, मधल्या वेळात खडूसारखी आम्लनाशक भुकटी घ्यायची, म्हणजे आम्ल सतत मारले जाईल. हा उपचार जगभर पसरला आणि रूप बदलत आपल्या गावांपर्यंतही पोचला.

माझे मामा सांगली जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते. १९५८ च्या सुमारास त्यांचे पोट दुखू लागले. बेरियम पाजून एक्स-रे काढला आणि निदान झाले, अल्सर. डॉक्टरांनी सांगितले, दर दोन तासांनी दूध घ्या, तिखट-मसाला बंद करा, चहा सोडा, आणि मुख्य म्हणजे रागावू नका, काळजी करू नका. मामा शाळेत थर्मासमधून दूध नेत. मुलांनी त्यांचे नाव 'दूधवाले सर' ठेवले होते. मामींनी स्वयंपाकातली मिरची बंद केली. १९६४ साली मामांना मुख्याध्यापकपद देऊ केले गेले, तेव्हा "या जागेच्या काळजीने माझा अल्सर फुटेल" असे सांगून त्यांनी ते नाकारले.

ही भीती त्यांच्या मनाची नव्हती, ती पुस्तकांतून आली होती. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर आणि त्यांच्या पंथाने ज्या सात आजारांचे मूळ मनात शोधले, त्यांत अल्सर होता. दबलेला राग, महत्त्वाकांक्षा, काळजी ही सगळी कारणे छापील होती. रुग्णाला दुखण्याबरोबर आपल्या स्वभावाचा दोषही वाहावा लागे.

दुधाचा उपयोग किती होता? दूध प्यायल्यावर घटकाभर बरे वाटते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. १९८६ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. अल्सरच्या सर्व रुग्णांना एकच औषध दिले, पण काहींना फक्त दुधावर ठेवले आणि बाकीच्यांना नेहमीचे जेवण दिले. चार आठवड्यांनी जेवणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांचे व्रण भरले होते, दूध पिणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांचे. त्याआधी दोन वर्षे त्याच नियतकालिकात दिल्लीहूनच आणखी एक चाचणी आली होती. तिच्यात काही रुग्णांना रोज तीन ग्रॅम लाल तिखट जेवणातून दिले होते. तिखट खाणाऱ्यांचे व्रण न खाणाऱ्यांइतकेच भरले. मिरचीने जळजळ वाढू शकते, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. पण मिरचीने अल्सर चिघळतो, हा समज त्या चाचणीत टिकला नाही.

दुधाने भागले नाही की सुरी येई. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली कर्करोगासाठी जठराचा भाग यशस्वीपणे काढला आणि पुढे तीच शस्त्रक्रिया अल्सरसाठी सर्रास होऊ लागली. १९४३ पासून शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराकडे जाणारी व्हेगस नावाची नस कापायला सुरुवात केली, म्हणजे आम्लाचा हुकूमच पोचू नये. दोन्हींनी अल्सर बरेचदा थांबे, पण माणूस पूर्वीसारखा राहत नसे. मामांचे ऑपरेशन १९६७ साली झाले, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि एसटीने त्यांचा डबा घेऊन जात असे. घरात सगळे म्हणत, "त्यांचं अर्धं पोट काढलं." दुखणे थांबले. पण त्यानंतर गोड खाल्ले की मामांना दरदरून घाम फुटे, चक्कर येई, आडवे व्हावे लागे. लग्नाच्या पंगतीत ते कधी पूर्ण जेवले नाहीत.

वेल्विन गार्डन सिटीतील कुलूप-किल्ली

१९७३ साली मी डॉक्टरेटसाठी इंग्लंडला आलो. इथे राहणाऱ्यांनी लंडनहून उत्तरेला जाताना वेल्विन गार्डन सिटीची पाटी पाहिली असेल. तिथल्या स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेत जेम्स ब्लॅक नावाचा स्कॉटिश शास्त्रज्ञ १९६४ पासून एका कोड्याच्या मागे लागला होता. हिस्टामिन नावाचे द्रव्य शरीरात खाज आणि सूज आणते, तेच जठरात आम्लही वाढवते. मग खाज थांबवणाऱ्या गोळीने आम्ल का थांबत नाही?

ब्लॅक यांचा तर्क असा की हिस्टामिन ही एकच किल्ली दोन वेगवेगळी कुलपे उघडते. जुनी गोळी पहिल्या कुलपात अडकून बसते. दुसऱ्या कुलपासाठी वेगळी खोटी किल्ली घडवावी लागेल. हिस्टामिनचाच रेणू घेऊन, त्यात थोडा थोडा बदल करून, रॉबिन गॅनेलिन आणि इतर रसायनशास्त्रज्ञांनी शेकडो संयुगे बनवली. १९७२ साली बुरिमामाइड जाहीर झाले, पण ते तोंडाने घेऊन फारसा उपयोग होईना. मग मेटियामाइड आले. त्याने व्रण भरत, पण थोड्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. रेणूचा दोषी तुकडा बदलला आणि सिमेटिडीन तयार झाले. नोव्हेंबर १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये 'टॅगामेट' या नावाने विक्रीला आले. पुढे १९८१ साली ग्लॅक्सोचे रॅनिटिडीन आले. भारतात ते 'झिनेटॅक' आणि 'रॅनटॅक' या नावांनी घराघरांत पोचले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल बाजारात आले. ते एखादे कुलूप अडवत नाही, आम्ल बाहेर फेकणारा पंपच बंद करते.

या गोळ्यांनी अल्सरच्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या, हे निर्विवाद. सिमेटिडीनने चार ते सहा आठवड्यांत दहापैकी सात-आठ जणांचे व्रण भरत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. नुसती खोटी गोळी दिली, तरी दहापैकी तीन-चार जणांचे व्रण आपोआप भरत, कारण अल्सर मुळात येतो-जातो. आणि खरी गोळी बंद केली की वर्षभरात बहुतेकांचा अल्सर परत येई. मग गोळी चालूच ठेवायची, वर्षानुवर्षे. आम्ही याला 'मेंटेनन्स' असे भारदस्त नाव दिले होते. आग विझली नव्हती, रोज पाणी मारत होतो, एवढाच त्याचा अर्थ.

पर्थमधील बशा

१९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला जठराच्या नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाकडे जंतू दिसले. जिथे जंतू, तिथे अस्तराला सूज, असे त्याच्या ध्यानात आले. १९८१ पासून बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्याबरोबर काम करू लागला. शंभर रुग्णांचे नमुने घेतले, पण जंतू काचेच्या बशीत वाढेनात. प्रयोगशाळेत दोन दिवसांनी बशा फेकून देत. १९८२ च्या ईस्टरला सुट्ट्या लागून आल्या आणि बशा पाच दिवस तशाच राहिल्या. जंतू वाढलेले सापडले. ते हळू वाढणारे होते, एवढीच त्यांची लबाडी. आज आपण त्यांना हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतो. हा जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि त्या कवचात आम्लापासून सुरक्षित राहतो.

तज्ज्ञांनी विश्वास ठेवला नाही. १९८४ साली मार्शलने आधी स्वतःचे जठर दुर्बिणीतून तपासून घेतले आणि मग जंतूंचे मिश्रण पिऊन टाकले. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा अस्तराला सूज आणि जंतू दोन्ही होते. त्याला अल्सर झाला नाही, हे नीट समजून घ्या. पण निरोगी जठरात हा जंतू आजार आणतो, एवढे सिद्ध झाले.

मार्शल जवळजवळ माझ्याच वयाचा. तो पर्थमध्ये ते मिश्रण पीत होता त्या वर्षी मी इथल्या वर्गात उभा राहून विद्यार्थ्यांना सांगत होतो की जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही. एका विद्यार्थिनीने त्या नव्या शोधनिबंधाबद्दल विचारले, तेव्हा मी विनोद केला आणि वर्ग हसला. तो विनोद मला आजही आठवतो, आणि तो इथे सांगायची लाज वाटते.

याहून जुनी एक गोष्ट आहे. ग्रीसमधल्या मिसोलाँगी गावात जॉन लिकुडिस नावाचा साधा फॅमिली डॉक्टर १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके देत होता. म्हणजे माझ्या मामांनी दुधाचा थर्मास उचलला, त्याच सुमारास. त्याचे कुणी ऐकले नाही, १९६८ साली त्याला दंड झाला आणि १९८० मध्ये तो वारला. त्याने नियंत्रित चाचण्या केल्या नव्हत्या, हेही खरे. अनुभव बरोबर असला तरी तो इतरांना पटेल असा पुरावा लागतो.

तो पुरावा पुढे आला. १९९३ साली व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी अल्सरच्या काही रुग्णांना रॅनिटिडीनबरोबर दोन प्रतिजैविके दिली आणि काहींना रॅनिटिडीनबरोबर खोट्या गोळ्या. वर्षभरात प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांचा अल्सर परतला. दुसऱ्या गटात ८६ टक्क्यांचा. औषधशास्त्रात इतका स्पष्ट फरक फार थोड्या वेळा दिसतो. १९९४ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने जंतू असलेल्या प्रत्येक अल्सर रुग्णाला प्रतिजैविके द्या असे सांगितले. त्याच वर्षी या जंतूची जठराच्या कर्करोगाच्या कारणांत नोंद झाली. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले.

मामांना सांगितले तेव्हा

१९९५ च्या डिसेंबरमध्ये मी भारतात गेलो, तेव्हा मामांना हे सगळे समजावून सांगितले. त्यांच्या पोटात तो जंतू होताच असे मी शपथेवर सांगू शकत नाही, त्या काळी तपासणार कोण? पण वेदनाशामक गोळ्या न घेणाऱ्या माणसाच्या ड्युओडेनममधल्या अल्सरमागे त्या काळात बहुतेक वेळा हाच जंतू असे.

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तो माझा स्वभाव नव्हता तर." मुख्याध्यापकपदाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मामी आतून म्हणाल्या, "सदतीस वर्षं मी फोडणीत मिरची टाकली नाही." त्या रात्री पिठल्याबरोबर ठेचा होता. मामांनी तो बोटाने चाखला आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

आज या गोळ्यांचा उपयोग किती?

इतिहास इथे थांबवता आला असता. पण हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या औषधांच्या डब्यात या गोळ्या आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, कशासाठी घेता ते माहीत असू द्या. छातीतल्या जळजळीने अन्ननलिकेला जखमा झाल्या असतील, तर ओमेप्राझोलच्या जातीच्या गोळ्यांनी आठ आठवड्यांत दहापैकी आठ-नऊ जणांच्या जखमा भरतात. पण नुसते पोट जड वाटणे, फुगणे, अपचन यांवर त्यांचा उपयोग बेताचाच आहे. आणि गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या. पंप चालू होताना ती पकडते, जेवणानंतर घेतली तर परिणाम कमी.

दुसरी, वारंवार दुखत असेल, तर जंतूची तपासणी करून घ्या. हा जंतू बहुधा लहानपणी घरातूनच लागतो. आमच्या पिढीतल्या, भारतात वाढलेल्या माणसांत तो फार मोठ्या प्रमाणात आढळतो. इथे जन्मलेल्या मुलांत कमी. ज्यांच्यात तो असतो त्यांपैकी बहुतेकांना कधीच अल्सर होत नाही, म्हणून घाबरू नका. तपासणी श्वासाची किंवा शौचाची असते आणि तिच्याआधी दोन आठवडे ओमेप्राझोलसारखी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू लपून राहतो. ही गोळी थांबवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. जंतू सापडला तर सात ते चौदा दिवसांचा उपचार असतो आणि तो पूर्ण करा. मूठभर गोळ्यांनी तोंड कडू होते, हे खरे. पण अर्धवट सोडल्याने आणि प्रतिजैविके उठसूट घेतल्याने हा जंतू निर्ढावतो. मेट्रोनिडाझोलला तर भारतात तो पुष्कळच निर्ढावला आहे. पूर्वी सहज मिळणारे यश आता सगळीकडे मिळत नाही.

तिसरी, गुडघेदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन ही आज अल्सरची दुसरी मोठी कारणे आहेत. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल आणि डॉक्टरांनी त्याबरोबर पोटाची गोळी दिली असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका. तिचे तिथे खरे काम आहे.

चौथी, उगाच वर्षानुवर्षेही घेऊ नका. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळते आणि "गोळीशिवाय चालतच नाही" असे वाटते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. या गोळ्यांवर बरेच आरोप झाले. सतरा हजारांहून अधिक लोकांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांतला एकच स्पष्टपणे टिकला. गोळी घेणाऱ्यांना आतड्याचे संसर्ग थोडे जास्त झाले, १ टक्क्याऐवजी १.४ टक्के. जठरातले आम्ल हा आपला दरवाजावरचा पहारेकरी आहे. सुट्टीत भारतात जाताना हे ध्यानात ठेवा आणि पाणी जपून प्या.

आणि तरुण वाचकांना एक विनंती. उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर व्हाल, कुणी संशोधक. एखादा आजार समजत नसेल, तेव्हा रुग्णाच्या स्वभावाला दोष देणे सगळ्यात सोपे असते. आम्ही ते केले. तुमच्या वर्गात कुणी अडचणीचा प्रश्न विचारला, तर हसण्यापूर्वी बशी आणखी तीन दिवस ठेवून पाहा.

आपणा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. चकल्या खा, पण रात्री दहाला नको.